रोवण्याच्या तालात कॉम्प्युटर

सुरेशभाऊ इथंच राहिला असता, तर वाचला असता का?

हा प्रश्न मी पुण्याच्या डॉक्टरला विचारला. त्यानं हातातला कागद उलटा करून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला लिहिलं आहे. मायला विचारलं, तर ती उठून चुलीकडे गेली. भावाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला विचारलं, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायचाच विसरला. अजून कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत माणूस गेला. एवढंच मला ठाऊक.

तुम्ही म्हणाल, धनराज, तू तर किस्सा सांगणार होतास, हे काय काढलंस? किस्साच आहे बाप्पा. भाऊ इथं का राहिला नाही, त्याचा किस्सा. हसायचाच आहे. तो स्वतः हा किस्सा सांगताना इतका हसायचा की त्याला पाणी द्यावं लागायचं. तुम्ही चहा घ्या. मी चौथी पास माणूस. मी एकदा एक अख्खा कॉम्प्युटर बंद पाडला. आपटून नाही, पाणी सांडून नाही. इमानदारीनं काम करून बंद पाडला.

आसगावच्या अलीकडे आमचं गाव. गावाला एक तलाव आणि तलावाखाली सगळ्यांच्या धानाच्या बांध्या. दिवाळीच्या तोंडावर धान पोटरीत येतं तेव्हा त्याला शेवटचं एक पाणी लागतं. तलावात पाणी थोडं, घेणारे तीस घरं. पहिली पाळी कोणाची? दरवर्षी पितळेच्या गुंडात, म्हणजे घागरीत, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि दरवर्षी भांडण. याची चिठ्ठी जाड कागदाची, त्याची तेलकट, हिला कोपरा दुमडलेला. आमचे तानबाजी तर चिठ्ठी हुंगून पाहायचे.

माझा भाऊ भंडाऱ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. नागपूरला शिकून आलेला. आमच्या खानदानात अक्कल त्याच्यापर्यंत आली आणि संपली. मी मागून आलो तर भांडं खरवडायलाही काही उरलं नव्हतं. क्लासच्या साहेबांनी त्याला एक मोठं मशीन दिलं होतं. एक डबा, त्याला तीन स्क्रीन जोडलेले, तीन माणसं एकाच वेळी काम करतील असा. त्या मशीनच्या पोटातला मुख्य कारभार भावानं वर्षभर बसून स्वतः लिहिला होता. त्याला तो गाभा म्हणायचा.

"गाभा म्हंजे काय गा, भाऊ?" मी विचारलं.

"आपला पानकर पाह्यला ना तलावावरचा? कोणाले कवा पाणी सोडाचं ते तो पाहते. तसा हा. तीन माणसं एकदम काम सांगतात, कोणाचं आधी, कोणाचं मंग, ते हा पाहते."

"मंग त्याले शिव्या पण खा लागत असन."

"मलेच खा लागतात," भाऊ म्हणाला.

तर साहेबांनी एक अट घातली. एखादं काम चारचौघांत करून दाखवा. दाखवलंत तर मशीन भंडाऱ्याला राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर मशीन नागपूरला परत. आणि भावाच्या खिशात पुण्याच्या नोकरीचं पत्र होतंच. मायनं ते पत्र दोनदा तांदळाच्या डब्यात लपवलं, दोनदा भावानं काढलं. मी तर देवाला बोललो होतो की भाऊ इथं राहू दे, मी बिडी सोडतो.

भावानं काय ठरवावं? गावातल्या पाण्याच्या पाळ्या कॉम्प्युटरनं काढायच्या. चिठ्ठी नाही, गुंड नाही, हुंगणं नाही.

आता यात गोम अशी होती, आणि ती मला भावानं अंगणात बसवून समजावली, म्हणून तुम्हालाही समजेल. मशीन फक्त हिशेब करतं. त्याला म्हटलं, मनाला येईल तो आकडा काढ, तर त्याला मनच नाही. तेच गणित, तेच उत्तर. आज ज्या क्रमानं नावं काढेल, उद्या चालू केलं की पुन्हा त्याच क्रमानं काढेल. म्हणून बाहेरून काहीतरी बेभरवशाचं त्याच्या पोटात टाकावं लागतं.

"म्हंजे काय टाकाचं?"

"एक माणूस बसवाचा आन् त्यानं बटणं दाबाची. कोणतं बटण, त्याच्याशी मतलब नाही. दोन बटणांच्या मधात किती वेळ गेला ते मशीन मोजते. सेकंदाचा हजारावा भाग पण मोजते. माणसाचा हात कवा लवकर पडते, कवा उशिरा. तो जो फरक, तो मशीन कोठीत धान भरावं तसा भरून ठेवते. एकेक आकडा काढाचा तर कोठीतून एकेक पायली उचलाची."

"आन् तीन स्क्रीनवरून तीन जणांनी एकदम उचलली तं?"

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. चौथी पास असलो तरी धान उचलण्यातलं मला कळतं.

"तेच तं झालं मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "दोघं एकदम कोठीत गेले, दोघांनी एकच पायली उचलली, आन् दोघांचाही नंबर सात आला. मंग मी कडी लावली. लॉक म्हणतात त्याले. कोठीत जो जाईन त्यानं आतून कडी लावाची, काम झालं का काढाची. तवर बाकीचे बाहीर उभे. ते कडी आहे म्हणूनच मी रात्रीचा झोपतो."

"मंग बटणं कोण दाबन?"

"तू."

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त बैल होता.

"मी? काहून?"

"गावात तुयाइतका बेभरवशाचा माणूस नाही, धन्या. आता वावरात जातो म्हणून निघतो आन् पवनीच्या बाजारात सापडतो. लग्नाले गेला तं वऱ्हाड सोडून मासे धराले गेला. तू पुढच्या घडीले काय करशीन ते तुले पण मालूम नसते. मले असाच माणूस पाह्यजे. फक्त बस आन् मनाले येईन तशी बटणं दाब."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अवगुणाला कोणी कामावर बोलावलं होतं. मी त्या दिवशी गावभर छाती काढून फिरलो.

आणि तिथंच घोटाळा झाला. कारण मी विचार करायला लागलो.

अख्खं गाव बघणार. साहेब बघणार. भावाचं इथं राहणं माझ्या बोटांवर. मग 'मनाला येईल तसं' करून चालेल का? मला वाटलं, भाऊ मोठ्या मनाचा, लहान भावाला ताण नको म्हणून तसं म्हणाला. आपण काम नीटच करायचं. मी एका पाटीवर खडूनं चौकोन काढले आणि तीन दिवस सराव केला. पण काही केल्या बोटं एकसारखी पडेनात.

शेवटी सरजाबाईकडे गेलो. सरजाबाई म्हणजे आमच्याकडच्या रोवण्याची, धानाच्या लावणीची, मुकादमीण. रोवण्यात बायांची एक रांग असते. सगळ्यांचे हात एका वेळी चिखलात जातात, एका वेळी बाहेर येतात. गाण्याच्या ठेक्यावर. एखादीचा हात मागे पडला की रांग वाकडी होते, आणि सरजाबाई तिच्या पाठीत चिखलाचा गोळा मारते. मी लहानपणी दोन सीझन तिच्या रांगेत होतो. माझी पाठ चिखलानं सारवलेली असायची.

"बाई, हात सारका पडाले पाह्यजे," मी म्हटलं.

"तुया? या जन्मी?" सरजाबाई म्हणाली. पण पाटी पुढे ओढली. "गाणं मनात धर. बोटाकडं नोको पाहू. गाणं चाललं का बोट चालते."

दोन दिवसांत माझी बोटं अशी पडायला लागली की घड्याळानं माझ्याकडे शिकायला यावं. सरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुया बापानं पाह्याले पाह्यजे होतं." मी भावाला काही बोललो नाही. म्हटलं, त्या दिवशीच कळू दे आपला धन्या काय चीज आहे.

दिवस आला. शाळेच्या पडवीत टेबलं लावली. साहेब जीपनं मशीन घेऊन आले. तीन स्क्रीनसमोर क्लासमधली तीन पोरं बसली. शेतकऱ्यानं नाव सांगायचं, पोरानं टाकायचं, स्क्रीनवर पाळीचा नंबर यायचा. सगळे झाले की शेवटी यादी छापायची. आणि मधल्या टेबलावर, डब्याला जोडलेल्या बटणांपुढे, नवा सदरा घालून मी. सगळं गाव पुढे बसलेलं.

भावानं माझ्या कानात सांगितलं, "घाबरू नोको. कशीही दाब."

मी मनातल्या मनात म्हटलं, तू बघच.

सुरुवात झोकात झाली. भावानं सकाळीच स्वतः थोडी बटणं दाबून कोठीत तळाला काही भरून ठेवलं होतं, त्यावर पहिले पाच नंबर निघाले. तानबाजी उभे राहिले, नाव सांगितलं, आणि स्क्रीनवर आला एक. पहिली पाळी. बावीस वर्षांत तानबाजींना पहिली पाळी मिळाली नव्हती. म्हातारा स्क्रीनसमोर हात जोडून उभा राहिला. मग चिठ्ठीची सवय, जवळ जाऊन त्यांनी स्क्रीन हुंगला. लोक हसले. साहेबही हसले. भावानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी तर ठेक्यात होतो. टक, टक, टक, टक.

समोर बसलेल्या बायांनी ठेका ओळखला. ओळखणारच, चाळीस पावसाळे त्याच ठेक्यात काढलेले. एकीनं गुणगुणायला सुरुवात केली, दुसरीनं उचललं, सरजाबाईनं हात वर करून ताल दिला. अख्खी पडवी रोवण्याचं गाणं म्हणायला लागली आणि मी त्यावर बटणं रोवायला लागलो. तुम्हाला सांगतो, रांग इतकी सरळ माझ्या हातून कधी पडली नव्हती.

सहाव्या माणसानं नाव सांगितलं. नंबर आला नाही.

दुसऱ्या स्क्रीनवरच्या पोरानं नाव टाकलं. तिथंही काही नाही. तिसरा स्क्रीनही तसाच. तिन्ही स्क्रीन तलावासारखे शांत.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"थांबा जरा," भाऊ म्हणाला.

मला वाटलं, मी कमी पडलो. मी आणखी मन लावून, आणखी सारखी बटणं दाबायला लागलो. बायांनी आवाज चढवला. भाऊ वाकून डब्याकडे बघत होता. मग त्याचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. मग गाण्याकडे. मग पुन्हा बोटांकडे. त्याच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला वाटलं याला भोवळ येते.

"धन्या," तो हळूच म्हणाला, "हे काय करून राहिला तू?"

"रोवणा," मी म्हटलं. छाती काढून.

"तुले सांगतलं होतं ना, कशीही दाब म्हणून?"

"कशीही काहून? पाच दिवस शिकलो ना मी. पाह्य ना, एक बोट इकडंतिकडं नाही."

तो खाली बसला. सहावा माणूस, लांजेवारांचा श्रावण, मला म्हणाला, "काय बे, मायाच नंबरवर अटकवलं का?" मागून कोणीतरी म्हणालं, तानबाजीनं हुंगला म्हणून बंद पडला. तानबाजी म्हणाले, मी नाकानं हुंगला, हातोड्यानं नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. भाऊ डोकं धरून पुटपुटत होता, "कडी... आतून कडी लावून बसला..." आणि मला ते सहन झालं नाही. माझा भाऊ सगळ्या गावासमोर असा बसलेला.

आणि मग मी तेच केलं, ज्याच्यासाठी मला बोलावलं होतं. पुढच्या घडीला काय करीन ते मला माहीत नव्हतं. मी उठलो आणि भिंतीतली पिन उपटली.

"नोको," भाऊ ओरडला, पण पिन माझ्या हातात होती.

"घरचा रेडिओ असाच चालू होते," मी म्हटलं, आणि पुन्हा लावली.

मशीन चालू झालं. पण कोरं. पहिले पाच नंबर गेले, कागदावर तर काही आलंच नव्हतं. पुन्हा नावं टाकली. साहेबांनी स्वतः चार बटणं वेडीवाकडी दाबली आणि नंबर भराभर यायला लागले. तानबाजींचा आला एकोणतीस.

म्हातारा मग माझ्याकडे वळला. "पोरा," तो म्हणाला, "बावीस सालानं मले पह्यली पाळी भेटली होती. तू भिंतीतून उपटली."

पुढचं काय सांगू? अर्धं गाव म्हणे पहिले नंबर खरे, अर्धं म्हणे दुसरे. कोणीतरी घरून पितळेचा गुंड आणला. तासाभरात चिठ्ठ्या निघाल्या, भांडण झालं, आणि लोक समाधानानं घरी गेले. साहेबांनी तारा गुंडाळायला लावल्या. भावाला म्हणाले, "पाटील, मशीन उद्या नागपूरला जाईल." रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी सांगायला गेलो की चूक माझी आहे, मी बोटं सारखी टाकली. भावानं मला बाजूला सारलं आणि साहेबांना म्हणाला, "सर, याची चूक नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलतो. नाही. खरंच त्याची होती. ते त्यानं मला नंतर शाळेच्या पायरीवर समजावलं, आणि अजून मला झोपेत आठवतं. माझी बोटं सारखी पडली म्हणून कोठीत काही भरलं नाही, ते खरं. पण तेवढ्यानं मशीन मरायला नको होतं, नुसतं थांबायला हवं होतं. झालं काय, की नंबर काढणारा कोठीत गेला, आतून कडी लावली, आणि कोठी रिकामी दिसली म्हणून धान येईपर्यंत तिथंच बसला. कडी तशीच. आता धान घेऊन येणारा बाहेर. त्यालाही आत यायला कडीच काढायला हवी. आतला म्हणतो, धान आलं की कडी काढतो. बाहेरचा म्हणतो, कडी काढली की धान आणतो.

"मंग मी मंगून वाकडीतिकडी दाबली असती तं?"

"शंभर वर्षं दाबली असती तरी काही झालं नसतं," भाऊ म्हणाला. "वाट पाहाची असन तं कडी काढून पाहाची. एवढं साधं. वर्षभर मले दिसलं नाही, कारण कोठी कधी रिकामीच नाही झाली. सगळे लोक वेडीवाकडी बटणं दाबतात. जगात एकटा तू भेटला."

मग तो हसायला लागला. हसता हसता पायरीवर आडवा झाला. मी मात्र रडत होतो. जीपमध्ये मशीन चढवायच्या आधी त्यानं दहा मिनिटं मागून घेतली आणि दोन ओळी खालीवर केल्या. मला पुन्हा बसवलं. म्हणाला, दाब तुझा रोवणा. मी दाबला. नंबर आला नाही, पण बाकीचे स्क्रीन चालू राहिले. मग त्यानं मला गुदगुल्या केल्या, बोटं वेडीवाकडी पडली, आणि नंबर आला. पडवीत आम्ही दोघंच होतो. साहेब जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते.

पुण्याचं पत्र मायनं तिसऱ्यांदा लपवलं होतं. या वेळी तिनं स्वतःच डब्यातून काढून दिलं.

आठ दिवसांनी मी त्याला पोचवायला वरठीच्या स्टेशनावर गेलो. भंडाऱ्याहून त्याचीच सायकल. मागे ट्रंक बांधलेली, पुढच्या दांडीवर भाऊ, आणि हाणणारा मी. त्याला नागपूरची गाडी धरायची होती. तो म्हणाला, तिकीट काढतो, तू ट्रंकेपाशी थांब. मी थांबलो. तेवढ्यात फलाटाला गाडी लागली. मी ट्रंक उचलली, माणसं बाजूला केली, खिडकीची जागा धरली, तिच्यावर दुपट्टा टाकला. शिटी झाली तसा भाऊ तिकीट घेऊन पळत आला. "हीच का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हीच, हीच, चढ," आणि त्याला मागून ढकलून आत टाकला. गाडी सुटली. तो दारातून काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, मायला सांभाळ म्हणतो. मी हात हलवून म्हटलं, सांभाळतो.

गाडी गोंदियाची होती. नागपूरच्या बरोबर उलट्या दिशेला.

हे मला त्याच्या पोस्टकार्डावरून कळलं. तुमसर रोडला उतरला, दोन तास बाकावर बसला, आणि दुसऱ्या गाडीनं परत वरठीवरूनच नागपूरला गेला. वरठीला गाडी थांबली तेव्हा, लिहिलं होतं, मी दारात येऊन तुला सगळ्या फलाटावर शोधलं. पुण्याला गेल्यावर चार महिन्यांनी तो गेला. मी त्याला पुन्हा पाहिला तो पांढऱ्या कपड्याखाली.

तर शेवटचं मी माझ्या भावासाठी काय केलं, म्हणून विचारलंत, तर हे. खिडकीपाशी जागा धरून, दुपट्टा टाकून, पाठीत हात घालून त्याला चुकीच्या गाडीत चढवलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. आणि तो परत येऊन फलाटावर मला शोधत होता तेव्हा मी भंडाऱ्याच्या अर्ध्या वाटेवर, एका हॉटेलात, मालकाला सांगत होतो की आमच्या भावाला मी एकट्यानं, ट्रंकेसकट, गर्दीत जागा मिळवून दिली.